कप्तान कोण करायचा?

क्वार्टरबॅक हा शब्द मी पहिल्यांदा तिसऱ्या पाळीत ऐकला. सूतगिरणीत रात्री तीनच्या पुढं डोळे मिटायला लागतात. रिंगफ्रेमचा आवाज एकसारखा, धागा तुटलेला दिसला की जोडायचा आणि पुढं सरकायचं. सुट्टीत एक पोरगं मोबाईलवर अमेरिकेतला फुटबॉल बघत बसलं होतं. आपला फुटबॉल नव्हं तो. लांबट चेंडू, डोक्याला जाळीची टोपी, माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळायलेली. मी म्हणलो, "ह्यात पाय कुठं लावलालेत बे?" तो म्हणला, पाय सोड, तो मागं उभा हाय का, त्याला बघ. तो क्वार्टरबॅक. सगळा खेळ त्याचा.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. पुढं धिप्पाड माणसांची रांग असते. तिच्या मागं हा एकटा. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो. या खेपेला कोणती चाल खेळायची हे तो बाकीच्या दहाजणांना सांगतो, आणि चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत ठरवतो, कुणाकडं फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा का स्वतः घेऊन पळायचा. समोरून अंगावर येणारी माणसं बघत बघत ठरवायचं. थोडक्यात, टीमचं डोकं.

आणि त्या पोरानं सहज म्हणून पुढचं सांगितलं, त्यानं माझी झोप उडाली. या जागेवर काळ्या माणसाला कितीतरी वर्षं उभंच राहू देत नव्हते.

मित्रांनो, हे मी नंतर शोधून वाचलं. 1934 ते 1945 या काळात अमेरिकेच्या त्या मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू घेतला नाही. कुठं लिहिलेला कायदा नव्हता. आपल्याकडं तरी पाणवठ्यावर पाटी कुठं असायची? 1946 पासून दार उघडलं. पण उघडलं म्हणजे कसं, तर पळायला या, चेंडू झेलायला या, अंगावर जाऊन आदळायला या. मागं उभं राहून विचार करायची जागा तेवढी सोडून. काळा माणूस चपळ असतो, ताकदवान असतो, पण त्याला डोकं चालवता येत नाही, ही त्यामागची अक्कल. 1968 ला डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को नावाच्या काळ्या पोरानं ही जागा सांभाळली आणि चांगली सांभाळली. पुढच्या वर्षी त्याला ती दिली नाही. त्यानं संघ बदलला आणि चेंडू झेलणारा म्हणून उरलेली कारकीर्द काढली. वॉरेन मून विद्यापीठाकडून खेळताना 1978 च्या जानेवारीत रोझ बाऊलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी लीगमध्ये नव्या पोरांची निवड झाली तेव्हा एकाही संघानं त्याचं नाव घेतलं नाही. त्याला क्वार्टरबॅकच व्हायचं होतं. तो देश सोडून कॅनडात गेला. तिथं एडमंटनच्या संघातून लागोपाठ पाच वर्षं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा कुठं 1984 ला अमेरिकेतल्या ह्यूस्टनला त्याची गरज वाटली.

हे वाचताना मला एकसारखं वाटत होतं की ही गोष्ट मला माहीत आहे. अमेरिका मी बघितलेली नाही. मी मंद्रूपचा. सोलापूर आणि विजापूरच्या मधी बसलेला माणूस, अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी बोलणारा. पण गोष्ट माहितीची होती. ती आहे पळवणकर बाळूंची.

बाळूंचं नाव आपल्या चळवळीत फारसं कुणी घेत नाही. घेतलं तर तोंड वाकडं करून घेतात. त्याचं कारण पुढं येईलच. मला बाळू समजले ते एका सरांमुळं. त्यांच्याकडं रामचंद्र गुहांचं इंग्रजी पुस्तक होतं, हिंदुस्थानातल्या क्रिकेटच्या इतिहासाचं. मला इंग्रजी अडखळत येतं, त्यामुळं सर वाचायचे आणि मी अर्थ विचारायचो.

बाळू चांभार समाजातले. जन्म धारवाडचा, 1876 च्या सुमाराचा. वडील लष्करात, म्हणून घर पुण्याला आलं. पोरगेलेपणी पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिन्याला 3 रुपये. 1892 च्या सुमाराला गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, 4 रुपयांवर. तिथं साहेब लोकांना सरावाला बॉल टाकायचं काम मिळालं. ग्रेग नावाचा एक साहेब उत्तम बॅट्समन होता. बाळूंनी आऊट केलं की तो दर खेपेला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. तासन् तास डाव्या हातानं बॉल टाकून टाकून बाळूंचा हात असा तयार झाला की बॉल कुठं पडेल आणि कुठं वळेल ते समोरच्याला कळेना.

पण त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली नाही. गुहांनी हे नोंदवलंय आणि मी तिथं बराच वेळ थांबलो. बॅटिंग हे सरदार-साहेबांचं काम, बॉलिंग हे राबणाऱ्याचं. ज्याला पाहिजे तेव्हा फटका मारायची मुभा आहे तो साहेब, आणि दिवसभर पळत येऊन बॉल टाकणारा तो नोकर. खेळातसुद्धा कामाची वाटणी आधीच झालेली.

पुढं पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंशिवाय जमणार नव्हतं. घ्यावं का न घ्यावं यावर खल झाला, आणि घेतलं. मैदानावर सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. चामड्याचा चेंडू, हां. चहाच्या वेळेला मात्र बाकीचे आत बसून पोर्सिलीनच्या कपात चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. प्यायचं आणि फेकून द्यायचं. जेवायला पान वेगळं.

इथं मला गिरणीतली एक गोष्ट आठवते. ती प्रत्येक कामगार कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंग खात्यात घ्यायचे, विणाईच्या साळखात्यात घेत नव्हते. पगार साळखात्यात जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागतो. आपल्या थुंकीचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर तो बाटतो. 1928-29 च्या संपाच्या दिवसांत बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या पुढं ठेवला. जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणारे पुढारी आणि एका धाग्याला दोन तोंडं चालत नाहीत, हे दोन्ही एकाच छपराखाली. बाळूंचं मातीचं भांडं आणि साळखात्याचा धागा ही एकाच सुताची दोन टोकं आहेत.

आता खेळाचं सांगतो. बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळायला लागले. 1906 ला हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या 8 विकेट. 1911 ला हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, वय 19. महाराज थोडेच सामने खेळले. बाळूंनी त्या दौऱ्यात 114 विकेट घेतल्या, 18.84 च्या सरासरीनं. कप्तानी जन्मानं मिळाली आणि विकेटी घाम गाळून. 1912 पासून मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदूंच्या संघात बाळू सगळ्यांत जुने, सगळ्यांत जाणते. पण दरवर्षी कप्तान दुसराच. एम. डी. पै कप्तान झाले तेव्हा सत्काराच्या सभेत ते स्वतः म्हणाले की हा मान बाळूंचा होता. पैंचं मला कौतुक वाटतं. पण सभेत बोलून मान बदलत नाही.

या टीमचं नावच 'हिंदू'. बॉल टाकायला आम्ही हिंदू, आणि पाणी प्यायला कोण?

मग 1920 साल आलं. यावेळी बाळूंना संघातूनच वगळलं. त्यांचे दोन भाऊ, विठ्ठल आणि शिवराम, दोघंही तयारीचे बॅट्समन. त्यांनी काय केलं? खेळायला नकार दिला. जाहीर पत्रक काढून सांगितलं की जातीमुळं हा अपमान होतोय आणि तो आम्ही गिळणार नाही. गिरणी कामगाराला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही. हा संप आहे. हात काढून घेतले. नंतर अंतिम सामन्याला तडजोड झाली, भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान केलं, आणि त्या सामन्यात पै मैदानाबाहेर असताना थोडा वेळ संघ बाळूंच्या हाताखाली खेळला. चव्वेचाळिशीच्या पुढचा माणूस, उभी कारकीर्द संपत आलेली, आणि मिळालं काय तर थोडा वेळ.

1923 ला विठ्ठल कप्तान झाले. रीतसर. हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. उच्चवर्णीय पोरांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन नाचवलं. विठ्ठलनी पुढं मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं. 1920 आणि 1923 च्या मधी हवा बदलली होती हे खरं. असहकाराची चळवळ होती, अस्पृश्यता काढा असं गांधीजी व्यासपीठावरून सांगत होते. पण मला वाटतं, संपाशिवाय नुसती हवा पुरली नसती.

आणि आता पुढचं साल मोजा. 1927. महाड. विठ्ठलना खांद्यावर घेतल्याला चार वर्षं झाली होती आणि चवदार तळ्याचं पाणी प्यालं म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली.

माझा खरा प्रश्न इथं सुरू होतो. आपल्यातला एक माणूस कप्तान झाला, म्हणजे काय झालं? काही दोस्त म्हणतील, काहीच नाही. खांद्यावर घेणारा तळ्यावर काठी घेऊनच उभा. मला हे अर्धं पटतं. उपयोगाचा असणं वेगळं आणि बरोबरीचा असणं वेगळं. बैलसुद्धा उपयोगाचा असतो, पोळ्याला त्याला ओवाळतात, पण शेतात काय पेरायचं हे कुणी बैलाला विचारत नाही. हात मान्य करणं म्हणजे माणूस मान्य करणं नव्हे. म्हणून डोक्याची जागा मागायला पाहिजे. क्वार्टरबॅकची जागा.

पण डोक्याची जागा मिळूनसुद्धा प्रश्न सुटत नाही, हेही त्याच खेळात दिसतं. 1988 च्या जानेवारीत वॉशिंग्टनचा डग विल्यम्स अंतिम सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि 42-10 नं जिंकला. काळा माणूस या जागेवरून अजिंक्यपद मिळवतोय असं पहिल्यांदा घडलं. 2023 च्या फेब्रुवारीत तर अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजूंना काळे क्वार्टरबॅक होते, मॅहोम्स आणि हर्ट्स. तेही पहिल्यांदाच. बरं वाटलं वाचून. पण मधी 2016 आहे. कॉलिन केपरनिक, सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक. आधी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलेला. पोलीस काळ्या माणसांना मारतात याचा निषेध म्हणून तो राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून बसला. कुणाला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. त्या हंगामानंतर एकाही संघानं त्याला घेतलं नाही. परत तो त्या लीगमध्ये खेळला नाही. म्हणजे डोकं चालव, पण आम्ही आखलेल्या रेषेच्या आत चालव. जागा दिली होती ती विचार करायला, पण कशाचा विचार करायचा हे ठरवणारा दुसराच.

आता बाळूंकडं परत येतो, कारण तोंड वाकडं करणाऱ्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. बाबासाहेब आणि बाळू यांच्यात सुरुवातीला स्नेह होता. पुढं वाटा फुटल्या. 1932 ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीच्या विरोधात बाळू उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. 1935 ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, त्यालाही बाळूंनी विरोध केला. आणि 1937 ला मुंबईत काँग्रेसनं त्यांना थेट बाबासाहेबांच्या विरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. बाबासाहेब निवडून आले.

आमच्या अभ्यास वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एकजण ताडकन् म्हणला, "मग कशाला त्याचं नाव काढायलाय? चमचा होता." मी त्यावेळी गप बसलो. आता उत्तर देतो. मी बाळूंचं राजकारण मानत नाही. ते चुकले. पण कसे चुकले ते बघा. ज्या माणसाला आयुष्यात जे मिळालं ते निवड समितीनं निवडल्यामुळं मिळालं, त्याचा समितीवर विश्वास बसतो. आज मातीचं भांडं, उद्या कप, परवा उपकप्तानी. त्याला वाटतं, आणखी थोडा चांगला बॉल टाकला की उरलेलंही मिळेल. बाबासाहेबांनी समितीच मोडायला काढली. दोघांचं भांडण मला एवढ्यात दिसतं. बाळूंना चमचा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आपल्यातले कितीजण आज गुण दाखवून, नोकरी मिळवून, साहेबाच्या शाबासकीवर जगतात? तीच वाट आहे ती. शिवाय तो माणूस 1955 च्या जुलैत गेला. नागपूरच्या दीक्षेला अजून वर्षाच्या वर अवकाश होता. त्यांचा हिशेब तिथं थांबला, आपला चालू आहे.

आणि आपला हिशेब काढायचा तर मला माझ्याच अंगणातलं सांगायला पाहिजे. हे लिहू का नको म्हणून आठ दिवस थांबलो.

जयंतीच्या आधी इकडं टेनिस बॉलचे सामने असतात. आमच्या वस्तीची टीम आहे. निळा टी-शर्ट, पाठीवर नाव. चार वर्षं आमचा सगळ्यांत चांगला बॉलर मातंग वस्तीतला एक पोरगा होता. डावखुरा. त्याचा बॉल पडला की बसायचा, बॅटच्या खालनं जायचा. शेवटची ओव्हर कायम त्याची. दोन कप आले ते त्याच्यामुळं. सामना संपला की आम्ही त्याला उचलून घ्यायचो. होय, खांद्यावरच.

आमचा जुना कप्तान कामाला पुण्याला गेला. नवा निवडायचा म्हणून समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसलो. खेळ सगळ्यांत जास्त कळत होता त्याला. फील्डिंग लावायची अक्कल त्याचीच. एकजण त्याचं नाव घेणार तेवढ्यात दुसरा म्हणला, "तसं न्हाई बे. जयंती आपली हाय. कप्तान आपलाच पायजे." कुणी काही बोललं नाही. तो पोरगा तिथंच बसला होता, चपलेचा अंगठा नीट करत. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. मला बॅटिंग बरी येते, कविता करतो म्हणून मान आहे. मी नको म्हणलो नाही.

त्या वर्षी तो खेळला. बॉल टाकला, विकेटी घेतल्या. मी लाँगऑनला उभा राहून हातवारे करत होतो आणि त्याला काय टाकायचं ते सांगत होतो, त्याला! सामना जिंकून परत येताना तो माझ्या गाडीवर मागं होता. म्हणला, "बॉल तेवढा टाकायचा आमी, न्हाई का." चिडून नाही म्हणला. पुढच्या वर्षी आला नाही. बोलवायला गेलं की काम आहे म्हणायचा.

आता कुणी म्हणेल, सवर्णांच्या अन्यायाशी याची बरोबरी करतोस का? करत नाही. आम्ही त्याला मातीच्या भांड्यात चहा दिला नाही. आमच्या घरात तो जेवलाय. आमच्या हातात ती सत्ता नाही, कुणाची डोकी फोडायची ताकदही नाही. पण मून आणि बाळूंच्या गोष्टी ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, आणि कट्ट्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटते, याचा अर्थ काय लावायचा? 'जयंती आपली' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासलं. त्यातला 'आपली' कुणापर्यंत जातो? बाबासाहेबांनी 1946 ला अमेरिकेतल्या डुबॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं, कारण त्यांचा 'आपला' समुद्रापलीकडं जात होता. 1972 ला मुंबईच्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव घेतलं. आमचा 'आपला' दोन गल्ल्या ओलांडून मातंग वस्तीपर्यंत जात नाही. निवड समिती कशी तयार होते ते मला त्या दिवशी कळलं. वाईट माणसं गोळा व्हावी लागत नाहीत. सातआठ बरी पोरं, एक वाक्य, आणि बाकीच्यांचं गप बसणं.

काहीजण म्हणतात, एवढं काय, खेळच आहे. पळवणकर बंधूंनी खेळच आहे म्हणून सोडलं असतं तर विठ्ठल कप्तान झाले नसते.

गेल्या रविवारी पाळी सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो दारात मोटारसायकलचं चाक काढून बसला होता. मी म्हणलो, यंदा टीम तू घे. मी पोरांना सांगतो, नाही पटलं तर मी खेळणार नाही. त्यानं पान्ह्यानं नट पिळला. म्हणला, "पोरास्नी इचारलास?" मी म्हणलो, अजून नाही. "आधी त्यास्नी इचार की मग. माझ्याकडं आधी कशाला आलायस?"

उद्या संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं ठरलंय.